तीन गाड्यांची एकच रेघ

दोन हजार चोवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि डाव्या डोळ्यानं बघितलं की समोरचा माणूस ताकात बुडवून काढल्यासारखा दिसायचा. उजवा डोळा जरा बरा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, काळ्या रानात. दरवर्षी जोंधळ्याची रास झाली की नव्या जोंधळ्याचं पोतं फटफटीवर बांधून आम्ही दुधनीला जातो, बहिणीच्या घरी. माझ्या वडिलांची बहीण त्या घरात दिली होती आणि पुढं माझी थोरली बहीण गौराक्का आत्याच्याच मुलाला दिली. माहेरचा नवा जोंधळा आल्याबिगर ते घर नव्याची भाकरी थापत नाही. त्यांच्या स्वतःच्या रानात जोंधळा पिकतो, दारात पोती पडलेली असतात, तरी थापत नाही.

वडील पहिल्यांदा गेले तेव्हा रस्ताच नव्हता, म्हणून रानातनं गेले. पुढं रस्ते झाले, पण वडिलांनी वाट सोडली नाही. डांबरी आडवी आली तर ओलांडायची, तिच्यावरनं चालायचं नाही. पाणंद, बांध, ओढ्याचं पात्र, जुन्या गाडीवाटा, एवढंच आपलं. तीच घरची रीत झाली. शहरातली पोरं आता गुडघ्याला वाट्या बांधून रानातनं गाड्या घालतात आणि त्याला हौस म्हणतात. नातीनं मला फोनवर दाखवलं. आम्ही हे धोतर खोचून करत आलो.

रीतीत दोन गोष्टी पक्क्या. पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, ठराविक जागी थांबून इंजिन बंद करायचं आणि कानानं ऐकायचं की मागचे येतायत का. आणि मागच्यांनी पुढच्याच्या चाकाच्या रेघेतच चाक घालायचं. लोकांच्या रानातनं जातोय आपण, कितीही गाड्या असल्या तरी रेघ एकच पडली पाहिजे. शिवाय काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, मनगट आत जाईल एवढ्या. जिथं पहिलं चाक निभावलं तिथं दुसरं निभावतं. म्हणून पुढच्याच्या डोळ्यावर सगळ्यांचा जीव.

आणि वडील गेल्यापासून पुढं मी.

सोलापूरच्या डॉक्टरनं डोळे बघून सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, काढून टाकू. मी म्हटलं, जोंधळाबी पिकलाय, तो आधी काढतो. डॉक्टर हसला. माझा मुलगा शिवानंद हसला नाही. घरी आल्यावर चहा पिताना म्हणाला, "आप्पा, औंदा तुमी माझ्यामागं बसून या."

"पोत्यासारखं?"

"पोतं पडत न्हाय कधी."

मी कप ठेवला आणि गाडी पुसायला गेलो. तो विषय माझ्यापुरता संपला होता. पण खरं सांगायचं तर मनात संपला नव्हता, कारण त्या वर्षी माझ्या लगेच मागं भाग्या येणार होती.

भाग्या म्हणजे शिवानंदाची मुलगी, भाग्यश्री. सोलापुरात कॉलेजात शिकते. गाडी तिला मीच शिकवली, आमच्या खळ्यावर. रीतीच्या वाटेनं यायची तिची पहिलीच खेप. माझ्या रेघेत चाक घाल, हे मीच तिच्या डोक्यात बसवलं होतं. आता तीच गोष्ट मला झोपू देईना. मी चुकलो तर मी पडेन, त्याचं काही नाही. ती माझ्यामागं डोळे झाकून येणार.

भीमेचा बंधारा

निघताना मी वडिलांचा गॉगल चढवला. जाड काचेचा, कडेला चामडं असलेला. त्याचा पट्टा कधीच तुटला, आता पायजम्याचं इलॅस्टिक लावलेलं आहे. पुढच्यानं तो घालायचा. भाग्या म्हणाली, "आज्जा, धूळ तर मागच्याला लागती. गॉगल पुढच्याला कशाला?"

"तुज्या पणज्यानं घातला म्हणून."

"त्यांनी इचार केला न्हवता व्हय?"

शिवानंद पोतं आवळत होता, तो गालात हसला. मी किक मारली.

आमची वाट उगवतीकडं जाते. हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. इतकी वर्षं सूर्य समोर असायचा, पण तो आपला सूर्य होता. त्या दिवशी तो वर आला आणि माझ्यासमोरचं सगळं रान पांढरं झालं. बांध, बाभळ, कडब्याची बुचाडं, सगळ्यावर कुणी पिठाचा हात फिरवल्यासारखं. मी मान कलती करून उजव्या डोळ्यानं वाट धरली. बैल एका बाजूला ओढतो तशी माझी मान दिवसभर ओढत राहिली.

भीमा आम्ही बंधाऱ्यावरनं ओलांडतो. बंधाऱ्याची वरची भिंत म्हणजे दोन माणसं एकमेकांना अंग चोरून जातील एवढी रुंद. कठडा नाही. डाव्या हाताला अडवलेलं पाणी, उजव्या हाताला खाली दगडं. तिथं धुणं धुणाऱ्या बायका आम्हाला दरवर्षी बघतात. त्यातली एक ओरडली, "आलं बगा जोंधळेवाले. आजोबा, औंदाबी तुमीच व्हय?"

"मग कोण येणार?" मी म्हणालो.

आवाज खणखणीत काढला खरा. भिंतीची कड मला दिसतच नव्हती. पाणी चमकत होतं आणि सिमेंटही चमकत होतं, दोन्हीचा एकच पांढरा पट्टा. मी चाकाच्या आवाजावर गेलो. सिमेंटवर चाक एका सुरात वाजतं, पाण्याच्या कडेला वाळू साठलेली असते तिथं चरचरतं. चरचरलं की उजवीकडं घ्यायचं, सूर लागला की सरळ. पलीकडं पोचलो, इंजिन बंद केलं आणि कान दिला. भाग्याच्या गाडीचा आवाज पातळ आहे, शिवानंदाच्या गाडीचा भरदार. दोन्ही आले.

"आज्जा, तुमी मधी जरा वाकडं चालला हुतासा," भाग्या म्हणाली.

"वाऱ्यानं."

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

सीनाकाठची वस्ती

दुपारी बरं गेलं. सूर्य डोक्यावर आला की मला ठीक दिसतं. तो मागं कलला की आणखी बरं. मी गाडी सोडली तशी शिवानंद मागनं हॉर्न वाजवायला लागला, हळू म्हणून. मंद्रूपच्या अलीकडं त्याच्याच मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ट्यूबला जोड लावला, तो उन्हानं धरेना. आमच्याकडं त्यावर जुना उपाय आहे. ट्यूब काढायची आणि टायरात कडबा ठासून भरायचा, घट्ट, लाकडानं ठोकून. गाडी बैलगाडीसारखी उड्या मारत जाते, पण जाते. शेजारच्या रानातल्या माणसाकडं पेंडी मागितली. तो म्हणाला, "जनावरासाठी मागत्यात लोकं. गाडीला कडबा घालणारं पयल्यांदा बगतोय." मग स्वतःच ठोकायला बसला आणि आमच्यापेक्षा बरं ठोकून दिलं.

मुक्काम सीनाकाठच्या एका वस्तीवर असतो. आमच्या ओळखीचं बौद्ध कुटुंब आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. घरधनी सोलापुरात नोकरीला जातो-येतो, रान त्याची बायको सुमन बघते. तिनं पिठलं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला. तिच्या परसातले कांदे हातानं फोडून घेतले. गाडी ठोकून ठोकून अंग दुखत होतं, त्यावर ते पिठलं असं उतरलं की मी दोनदा मागून घेतलं.

जेवताना सुमन म्हणाली, "मामा, पुढं जपून जा. लई शेततळी झाल्यात औंदा. गेल्या साली जिथनं गेलासा तिथं आता पाणी असंल."

शिवानंदानं माझ्याकडं बघितलं. भाग्यानंही बघितलं. मी भाकरी मोडत राहिलो.

"शेततळं काय लपून बसतंय व्हय?" मी म्हणालो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेततळं म्हणजे विहीर नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. शेततळं रानातच खणतात, कडेनं मातीचा बांध घालतात आणि आत उतरत्या अंगाला काळा प्लास्टिकचा कागद पसरतात. त्या कागदावर शेवाळ धरतं. आत पडलेला माणूस पोहता येत असलं तरी वर येऊ शकत नाही, हात टेकला की निसटतो. आमच्या भागात म्हशी गेल्यात अशा.

सकाळी उठून मी गॉगलच्या काचा धोतरानं पुन्हा पुन्हा पुसल्या. काचांचा काही दोष नव्हता.

शेततळं

सीना ओलांडली, अक्कलकोट डाव्या हाताला दूर ठेवलं. सूर्य पुन्हा समोर. इथं रान सपाट आहे आणि जोंधळा काढलेल्या जागी धसकटं उभी असतात, त्यांच्यातनं एक जुनी गाडीवाट जाते. ती वाट मी हजार वेळा मनात चाललोय. मोठं चिंचेचं झाड, मग ओढा, मग लिंब. चिंचेपर्यंत बरोबर होतो. पुढं मला एक बांध लागला, जरा उंच. मला वाटलं ओढ्याचा काठ. त्याच्यावर चढलो, वरनं थोडा गेलो, चाक एकदा घसरल्यासारखं झालं, सावरलं आणि खाली उतरलो. लिंबाजवळ आलो. थांबायची जागा ती. इंजिन बंद केलं, कान दिला.

काही नाही.

पातळ आवाज नाही, भरदार आवाज नाही. टिटवी ओरडत होती तेवढीच. मी थांबलो. पुढच्यानं मागं बघायचं नाही, म्हणून मी लिंबाच्या खोडाकडं बघत उभा राहिलो. कडब्याचा टायर सुटला असंल, असं मनाला सांगितलं. मग दोन्ही गाड्या एकदम कशा बंद होतील, असं मनच म्हणालं. मग चाक घसरल्याचं आठवलं. ओढ्याच्या काठावर माती भुसभुशीत नसते. तिथली माती नवी होती.

मी वळलो. आयुष्यात पहिल्यांदा वाटेवर मागं वळलो आणि पळायला लागलो. माझ्या वयात पळणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. धोतर धसकटात अडकून फाटलं.

भाग्या समोरून चालत येताना दिसली. आधी नुसता रंग दिसला, तिच्या जाकिटाचा निळा, मग ती.

"गाडी बंद पडली व्हय?" मी विचारलं. मला नीट बोलता येत नव्हतं.

"न्हाय. मी बंद केली."

"का?"

"या की, दावते."

"रेघ सोडलीस तू?"

"व्हय, सोडली. या तर आधी."

मला राग आला. खरंच आला. दोन मिनिटांपूर्वी ज्या पोरीसाठी पळत सुटलो होतो तिच्यावरच मी चालता चालता चिडलो, की घरात कुणी रेघ सोडली नाही, तुझ्या बापानं सोडली नाही. ती माझ्यापुढं चालत राहिली.

शिवानंद बांधाच्या खाली उभा होता, डोक्याला हात लावून. मी बांधावर चढलो आणि सूर्याला पाठ केली. तेव्हा दिसलं. काळं पाणी, काळा कागद, खोल. माझ्या चाकाची रेघ बांधाच्या माथ्यावरनं गेली होती, आणि मधल्या एका जागी ती रेघ आणि कागदाची कड यांच्यामध्ये माझा तळहातही मावला नसता. तिथलं एक ढेकूळ सुटून आत गेलं होतं. कागदावर त्याची घसरण उमटली होती, मातीचा लांब ओघळ, थेट पाण्यापर्यंत.

मग मी म्हणालो, "मला दिसत हुतं."

"मग गेलासा कशाला?" भाग्या म्हणाली.

तिनं टोमणा मारला नव्हता. खरोखर विचारलं होतं. मी शिवानंदाकडं वळलो. "आन तू? तुला दिसलं न्हाय?"

"मी तिच्या रेघेत हुतो, आप्पा. ती थांबली, मी थांबलो."

म्हणजे ती थांबली नसती तर तोही गेला असता. कडब्याच्या टायरावर, गाडीला मागं पोतं बांधून. आमच्या घरात तीन पिढ्या हेच शिकवलं होतं.

मी म्हणालो, "चला," आणि पुन्हा पुढंच गाडी काढली. माझा स्वभाव तसा आहे, त्याला इलाज नाही. पण भाग्या आता मागं राहिली नाही. ती माझ्या डाव्या अंगाला, बरोबरीनं चालायला लागली, आणि मी कुठं कललो की हॉर्न मारायची. रानात आमच्या दोन रेघा पडत गेल्या. बोरी नदीच्या अलीकडं एका शेतकऱ्यानं हात करून थांबवलं. "म्हातारबा, एवढं रान पडलंय म्हणून काय कसंबी जायाचं? एका रेघेनं जाता येत न्हाय?"

वडिलांनी घालून दिलेली गोष्ट मला एका परक्या माणसानं ऐकवली. मी खाली मान घातली आणि पुढं निघालो.

दुधनी

गौराक्काच्या घरात पाय टाकला की बोलीत कानडी मिसळते. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, करत तिची सून पाणी घेऊन आली. हातपाय धुवेपर्यंत ताटं मांडलेली. आमच्याकडं भाकरी मऊ लागते, तिकडं कडक, पापडासारखी मोडणारी, आणि ती दह्यात नाहीतर शेंगाच्या चटणीत बुडवायची. पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी आणि शेवटी शेंगाची होळगी, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची गोड पोळी. माझं जेवणात लक्ष नव्हतं. मला एकच घोर होता, आता अक्का विचारणार.

ती विचारतेच दरवर्षी. पोतं उतरलं की पहिला प्रश्न तोच.

"पुढं कोण हुतं?"

"मीच," मी म्हणालो.

भाग्यानं ताटातली होळगी मोडली. शिवानंद पाणी प्यायला लागला.

अक्का माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. तिनं पोत्यातनं सुपात जोंधळा घेतला, माझ्यापुढं सरकवला. "दाणा कसा हाय सांग."

मी दाणा दाताखाली धरला, फोडला. "कडक. चांगला वाळलाय."

"दातानं मलाबी कळतंय की. डोळ्यानं सांग."

मी सूप उजेडाकडं कलतं केलं. पांढरं होतं सगळं. "चांगला हाय. पांढरा शुभ्र."

अक्कानं सुपात बोटं घातली आणि काणी रोग धरलेले काळे दाणे एकेक वेचून माझ्या तळहातावर ठेवत गेली. एक, आणखी एक, आणखी एक. माझा तळहात काळा दिसायला लागला तेव्हा कुठं मला ते दिसले.

"माझं दोनी डोळं केलं," ती म्हणाली. "माझ्याच पोरानं, मोटारीतनं दवाखान्यात नेऊन. मीबी तुझ्यासारखीच भांडले हुते. सुनंला म्हणलं, मला सगळं दिसतंय, तुमीच आंधळी हायसा."

"मला पुढं चालवायचं हुतं."

"चालीव की. पण शेततळ्यातनं?"

मी भाग्याकडं बघितलं.

"तिच्याकडं नको बगू," अक्का म्हणाली. "तू हातपाय धूत हुतास तवाच मी तिच्याकडनं काडून घेतलं. तुज्या धोतराला एवढी फाड कशी पडली म्हणून इचारलं." मग तिनं सूप मांडीवर घेतलं आणि पाखडायला लागली. पाखडता पाखडताच म्हणाली, "आपला बा गेला तसा तुजाबी निरोप आला असता तर मी ही भाकरी कुणाच्या नावानं थापायची?"

आमचे वडील घरात, अंथरुणात गेले. वाटेवर नाही. पण मी तिला ते म्हणालो नाही. तिनं तो जोंधळा दळून नवी भाकरी थापली. तव्यावर ती फुगली आणि अक्कानं पहिला तुकडा मोडून, दरवर्षी मला देते तो, भाग्याच्या ताटात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आता वाट मावळतीकडं होती आणि सूर्य पाठीवर. गावाबाहेर आलो तर सगळं रान मला लख्ख दिसत होतं. बांध, बाभळीच्या फांद्या, लांबची विहीर, विहिरीवरचा पंपसुद्धा. त्या सकाळी मी सगळ्यांना नीट घेऊन गेलो असतो. शिवानंद माझी वाट बघत थांबला होता, मी पुढं निघायची. टायरात नवी ट्यूब होती. मी गाडी बाजूला घेतली, पाय टेकवले आणि भाग्याला म्हणालो, "हो पुढं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हात पुढं केला. "गॉगल?"

"तो न्हाय मिळणार. मागं लई धूळ असती."

मी गॉगलचं इलॅस्टिक ताणून डोक्यामागं घट्ट बसवलं, तिला थोडी पुढं जाऊ दिली आणि तिच्या रेघेत चाक घातलं.